कमावलेल्या कॅलरी आणि राहिलेलं जेवण

पत्र फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. वय ४३, उंची ५ फूट १ इंच, पणजीत सरकारी नोकरी, जाणं-येणं कदंबच्या सरकारी बसने. जानेवारीत भावाने स्मार्टवॉच भेट दिलं, मुलीने ते चालू करून दिलं, आणि तेव्हापासून त्या रोज पहाटे फर्मागुडीचा चढ चढून परत येतात. तासाभरात साधारण ४.८ किलोमीटर. जानेवारीत घड्याळ ३५० कॅलरी दाखवायचं, मे महिन्यात त्याच रस्त्याला ४५०. "घामाने कपडे पिळावे लागायचे, त्यामुळे आकडा पटायचा," असं त्या लिहितात. आकडा चांगला आला की ऑफिसजवळ पातळभाजी-पाव आणि चहा, कारण तो 'कमावलेला'. जूनपासून पावसाने चालणं बुडू लागलं. मग ज्या दिवशी चालणं नाही, त्या रात्री जेवण नाही. "सगळ्यांना वाढून झालं की मी घड्याळ बघते आणि ठरवते, भात घ्यायचा की नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला हात थरथरतात आणि समोर येईल ते खाल्लं जातं." नऊ महिन्यांत वजन ६६ वरून ६८ वर गेलं. यजमान म्हणतात घड्याळ खोटं आहे, मुलगी म्हणते महागातलं घे. जिममधल्या ट्रेडमिलने तिसराच आकडा दाखवला. त्या विचारतात: व्यायामात जळलेल्या कॅलरींचा खरा आकडा कुठला, आणि तो दाखवणारं यंत्र कोणतं घ्यावं?

ताई,

घड्याळाकडे नंतर येते. आधी रात्रीच्या भाताचं बोलू.

सगळ्यांना वाढून झाल्यावर मनगटाकडे बघून स्वतःच्या ताटाचा निर्णय घेणारी बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नवऱ्याला, मुलीला कुणी विचारत नाही की आज किती चाललात म्हणून जेवायला बसलात. जेवण तुम्ही रांधलं, वाढलं, आणि तुमच्या वाट्याचं मात्र घड्याळाच्या परवानगीवर ठेवलं. हे आजपासून थांबवा. वजनाचं पुढे काय व्हायचं ते होईल, ही गोष्ट त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

हिशेबानेही हे जमत नाही. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि ६८ किलो वजनाच्या स्त्रीचं शरीर दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी साधारण १२५० ते १३०० कॅलरी वापरतं, असं प्रचलित सूत्र सांगतं. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, फुप्फुसं थांबत नाहीत, आणि एकटा मेंदू यातला सुमारे पाचवा हिस्सा घेतो. तुम्ही त्याच्यावर नोकरी करता, बसमध्ये उभ्या राहता, स्वयंपाक करता. चालणं हा या सगळ्यावरचा एक लहानसा थर आहे. तो थर एक दिवस पडला नाही म्हणून अख्खं जेवण काढून घ्यायचं, यात शिक्षा चुकीपेक्षा कितीतरी मोठी होते. आणि चूक तरी कसली? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहाटे साडेपाचला धो धो कोसळत असताना घरात राहणं हा शहाणपणा आहे.

दुसऱ्या दिवशी हात थरथरून तुम्ही जे मिळेल ते खाता, ते तुमचं मन कमकुवत म्हणून नव्हे. रात्रभर आणि सकाळभर उपाशी ठेवलेलं शरीर असंच मागणार. तरीही थरथरण्याची तक्रार डॉक्टरांना जरूर सांगा. साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या एकदा करून घ्या. चाळिशीनंतर वजन सरकत वर जाण्यामागे थायरॉइड असू शकतं, आणि ते चालून बरं होत नाही.

आता आकडा. तुम्ही विचारलंत, खरा कुठला. तुमच्या प्रश्नात असं गृहीत आहे की कॅलरी कुठेतरी मोजल्या जातात आणि चांगलं यंत्र त्या अचूक वाचतं, जसा तापमापक ताप वाचतो. तसं नसतं. तुमचं घड्याळ कॅलरी मोजतच नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजतं, हात किती हलला ते टिपतं, आणि त्यात वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष एवढी माहिती घालून एक अंदाज बांधतं. (मुलीने घड्याळ चालू करून देताना वजन-वय कुणाचं घातलं, हे आजच बघा. तिचं स्वतःचं घातलेलं असेल किंवा कंपनीने आधीच भरून ठेवलेलं तसंच राहिलं असेल, तर पुढचं सगळं गणित दुसऱ्याच कुणाचं आहे.)

खरी मोजणी करायची तर प्रयोगशाळा लागते. १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघालेली उष्णता मोजली होती. आज तोंडाला मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण पाच कॅलरी खर्च होतात, त्यावरून हिशेब निघतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रं साठ जणांना घालून अशाच मोजणीशी ताडून पाहिली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रं उत्तम ठरली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीच्या बाबतीत मात्र त्यातल्या सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर यंत्रं सुधारली आहेत, पण अंदाज बांधायची पद्धत मुळात तीच आहे. म्हणून मुलीला सांगा, महागातलं घेऊ नकोस. आणि यजमानांना सांगा, घड्याळ खोटं नाही, ते एका गोष्टीवरून दुसरीचा तर्क करतं आणि तिथे चुकतं.

कुठे चुकतं याचं उत्तम उदाहरण तुम्हीच दिलंत. तोच रस्ता, तोच वेळ, तेच पाय. जानेवारीत ३५० आणि मे महिन्यात ४५०. शंभर कॅलरी आल्या कुठून?

मे महिन्यात आपल्याकडे हवेत इतकं बाष्प असतं की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ओघळून गेलेला घाम अंग थंड करत नाही. मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवू लागतं, आणि त्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. पाय जानेवारीइतकंच काम करत असतात, ऑक्सिजनही जवळपास तेवढाच लागतो, पण नाडी जलद चालते. घड्याळाला नाडी दिसते, कारण दिसत नाही. त्याला वाटतं तुम्ही जोर वाढवलात. ते उकाड्याची किंमत कॅलरीत लावून मोकळं होतं. पिळलेल्या कपड्यांतून जे गेलं ते पाणी आणि मीठ. वजनकाट्यावर त्या दिवशी अर्धा किलो कमी दिसला असेल, तो पाणी प्यायल्यावर भरून आला. घाम म्हणजे चरबी वितळणं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. तो जितका लवकर सुटेल तितकं बरं, कारण त्याच्या पायी लोक मे महिन्यात अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावतात आणि चक्कर येऊन पडतात.

घड्याळाविना अंदाज हवा असेल तर कागद-पेन्सिल पुरते. सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालताना, नुसतं बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या किती कॅलरी लागल्या, हे काढायला आपलं किलोतलं वजन आणि किलोमीटरमधलं अंतर यांचा गुणाकार करा आणि निम्मं करा. तुमचं ६८ गुणिले ४.८ म्हणजे ३२६, त्याचं निम्मं १६३. फर्मागुडीच्या चढाचे वेगळे धरू. शंभर मीटरला पाच मीटर अशा चढावर दहा मिनिटं चाललात तर आणखी साधारण पंचवीस, आणि परतीच्या उतारावर त्यातले काही परत जातात. एकूण पावणेदोनशे धरा. ज्या वाचकांना पळायची सवय आहे, त्यांनी निम्मं न करता सरळ गुणाकार घ्यावा. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला तर साडेतीनशेच्या आसपास. हाही अंदाजच आहे, माणसागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण तो उकाड्याला भुलत नाही.

पावणेदोनशे कुठे आणि साडेचारशे कुठे. या फरकातला एक भाग उकाड्याचा, आणि दुसरा भाग असा की बरीच यंत्रं एकूण आकडा दाखवतात. त्या तासात तुम्ही घरी झोपून राहिला असतात तरी पन्नास-साठ कॅलरी लागल्याच असत्या. त्याही त्यात मिळवलेल्या असतात. काही घड्याळं दोन वेगळे आकडे देतात, हालचालीचा आणि एकूण. कुठला बघताय ते तपासा. ट्रेडमिलचं आणखी वेगळं. वजन न विचारता आकडा दाखवणारं यंत्र आपल्याच मनातला कुणीतरी माणूस धरून चालतं. आणि दांडा धरून चालणाऱ्याच्या अंगाचा भार दांड्यावर जातो, हे त्याला कळत नाही.

व्यायामाच्या तक्त्यांत 'मेट' नावाचं एक एकक दिसतं. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, तासाला किलोमागे एक कॅलरी. तुमचं चालणं साधारण सव्वातीन मेटचं. हे तक्ते उपयोगाचे आहेत, पण बसलेल्या माणसाचा तो एक-कॅलरीचा हिशेब बऱ्याच जणांना, विशेषतः वजन जास्त असलेल्यांना, प्रत्यक्षापेक्षा जास्तच पडतो. त्यामुळे तक्त्यावरून काढलेला आकडाही खर्चाच्या कमाल बाजूचा समजावा.

म्हणजे आकडा हवा तर पावणेदोनशे घ्या. पण ताई, तुम्ही साडेचारशेऐवजी पावणेदोनशेचा पातळभाजी-पाव खाऊ लागलात, तर माझं उत्तर फुकट गेलं असं मी समजेन. माझी हरकत 'कमावलं' या शब्दालाच आहे. शरीराचा कारभार पगार आणि खर्चासारखा चालत नाही. तासभर चालून आलेलं माणूस उरलेल्या दिवसात नकळत कमी हलतं. जिन्याऐवजी लिफ्ट घेतं, मुलीला हाक मारून पाणी मागवतं, दुपारी जास्त वेळ बसतं. २०१२ मध्ये हर्मन पाँटझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा दिवसाचा खर्च मोजला. ही माणसं रोज मैलोन्मैल चालतात. तरी शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. एका भागात वाढलेला खर्च शरीर दुसरीकडे कुठेतरी वाचवतं, असं ते मांडतात. त्यावर वाद आहेत. पण चालण्यातून जळलेली प्रत्येक कॅलरी वेगळ्या डब्यात साठते आणि खाण्यासाठी काढता येते, हे कुणीच म्हणत नाही.

मग चालायचं कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. रक्तदाब, साखर, झोप, गुडघ्यांभोवतीचे स्नायू, मन, या सगळ्यांना चालण्याचा फायदा होतो, आणि तो वजनाचा काटा हलला नाही तरी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. पाऊस नसेल त्या आठवड्यात तुम्ही तीनशेच्या पुढे असता. हे लहान काम नाही. नऊ महिने पहाटे उठून चढ चढलात, आणि पत्रात त्याबद्दल एक शब्द अभिमानाचा नाही, सगळं लक्ष काट्यावर. मला त्याचं वाईट वाटलं.

वजन कमी करायचंच असेल तर ते मुख्यतः स्वयंपाकघरात ठरतं. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. मी माझ्या घरी केलेली एक गोष्ट सांगते. तेलाच्या नव्या बाटलीवर पेनाने तारीख लिहिली, आणि संपली त्या दिवशी हिशेब केला. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोजचं २५ मिलिलिटर झालं. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेच्या वर. तुमच्या तासाभराच्या चालण्यापेक्षा जास्त, आणि ते ताटात दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे बांगडे तळताना तव्यावर बाटलीच उपडी व्हायची. मी बाटलीच्या जागी चमचा आणला. लोखंडी तवा चांगला तापवून, रवा लावलेल्या तुकड्यांच्या कडेने चमच्याने तेल सोडलं, झाकण ठेवलं, आणि उलटताना दुसरा चमचा. कुरकुरीतपणात घरच्यांना फरक कळला नाही. महिन्याची बाटली चार-पाच दिवस जास्त पुरू लागली. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, ते एकदा लक्षात बसलं की हात आपोआप आवरतो.

नारळ सोडा असं मी गोव्यात राहणाऱ्या कुणाला सांगणार नाही. हुमणाला, म्हणजे माशांच्या कढीला, नारळ लागतो. फक्त तो शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरीचा आहे हे माहीत असू द्या, आणि कधी दाट कढीच्या दिवशी भाजीत खोबरं नको, एवढंच. भात एक वाटी कमी करण्याआधी ताटात मासे, मूग, चवळी, अंडं यांतलं काहीतरी वाढवून बघा. त्याने पोट जास्त वेळ शांत राहतं. ऑफिसजवळचा पातळभाजी-पाव आवडतो ना? मग आठवड्यातून एक-दोन वार ठरवा आणि त्या वारी खा, चाललात तरी आणि नाही चाललात तरी. तो बक्षीस राहिला नाही की त्याची ओढही कमी होते, असं मला अनेक जणींनी कळवलं आहे.

घड्याळ टाकून देऊ नका. भावाने दिलेलं आहे, आणि नाडी, वेळ, अंतर ते चांगलं सांगतं. कॅलरीचा रकाना मात्र मुलीकडून समोरच्या पडद्यावरून काढून घ्या. बहुतेक घड्याळांत ते जमतं. त्याऐवजी हे बघा: फर्मागुडीचा चढ चढताना नाडी किती जाते, आणि दोन महिन्यांनी त्याच वेगाने, तशाच हवेत चढताना किती. ती खाली आली तर हृदय सुधारतंय. जोर पुरेसा आहे का, हे कळायला यंत्रच लागतं असं नाही. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. पावसात छत्री धरलेल्या हातात घड्याळ असेल तर हात झुलत नाही आणि पावलं गळतात. उलट विळीवर नारळ खोवताना काही घड्याळं पावलं मोजतात. तेव्हा पावलांच्या आकड्यावरूनही दिवस बरा-वाईट ठरवू नका. दहा हजार पावलांचं ते प्रसिद्ध लक्ष्य १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलंमोजणी यंत्राच्या नावावरून आलं, डॉक्टरांच्या तपासणीतून नव्हे.

पावसाच्या दिवसांसाठी वेगळं ठरवून ठेवा, म्हणजे बुडालं असं वाटणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली, जिना असेल तर चार-पाच फेऱ्या. वीस मिनिटांत होतं. यात घड्याळ फारच कमी आकडा दाखवेल, कारण स्नायूंचं काम त्याला नीट कळत नाही. या वयात बायकांचे स्नायू उतरू लागतात, त्यामुळे तुम्हाला चालण्याइतकीच याची गरज आहे.

वजन रोज करू नका. पाणी, मीठ आणि पाळीचे दिवस यांनी एक-दोन किलो सहज वर-खाली होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी पुरे. त्याच्या जोडीला शिंप्याची टेप घ्या आणि कमर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही सावधगिरीची रेघ मानतात.

तुमच्यासारखंच करणाऱ्या इतर वाचकांसाठी एक तातडीचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चाललो नाही म्हणून जेवण टाळणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल घेणाऱ्यांची नाडी औषधाने मंद राहते. त्यांचं घड्याळ उलट कमी आकडा दाखवेल. ते बघून जोर वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

ताई, आज घरी कमरेला टेप लावा, आकडा कॅलेंडरवर लिहा, तेलाच्या बाटलीवर तारीख घाला, आणि रात्री सगळ्यांबरोबर पाटावर बसा. वाढायला मुलीला सांगा. दिवाळीनंतर मला कळवा, पण त्या पत्रात कॅलरी लिहू नका. चढावर दम किती लागतो आणि रात्री भात खाऊन सकाळी अकराला हात थरथरतात का, ते लिहा.